निवृत्त दांपत्य, सुट्टीतील भेट आणि वियोग : ‘संध्याछाया’चे शहाडच्या संदर्भात पुनर्वाचन

सारांश

जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ (१९७३) हे नाटक वृद्धांच्या एकाकीपणाचे प्रातिनिधिक मराठी नाटक मानले जाते. मुलांनी आईवडिलांकडे फिरवलेली पाठ हा त्याचा विषय आहे, असे त्याच्याविषयी सामान्यतः बोलले जाते. हे नाटक मुलांवरील आरोपपत्र नसून ‘भेट’ या कौटुंबिक संस्थेच्या क्षयाचे नाटक आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी ‘ऊन पाऊस’, ‘नटसम्राट’ व ‘तू तिथं मी’ या मराठी कलाकृती आणि यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) हा जपानी चित्रपट तुलनेसाठी घेतला आहे. शहाडसारख्या औद्योगिक उपनगरातील निवृत्त दांपत्याच्या उन्हाळ्याच्या संदर्भात नाटकाचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचाही प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : निवृत्ती, दांपत्य, भेट, माहेरपण, सहल, वियोग, कामगार वसाहत.

१. प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर मराठी नाटक-चित्रपटांत निवृत्त दांपत्याची एक अखंड परंपरा दिसते. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ १९५४ मध्ये आला. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगमंचावर आले आणि १९७४ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘संध्याछाया’ १९७३ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली सादर झाले. संजय सूरकर दिग्दर्शित ‘तू तिथं मी’ १९९८ मध्ये प्रदर्शित झाला. निवृत्ती, मुलांची घरे आणि म्हातारपणी झालेली ताटातूट ही सूत्रे या सर्व कलाकृतींत कमीअधिक प्रमाणात समान आहेत.

या कलाकृतींची चर्चा बहुधा नैतिक अंगाने होते. मुले कृतघ्न की परिस्थितीने बांधलेली, सून दोषी की मुलगा दुबळा, आईवडिलांनी हयातीत संपत्ती वाटावी की नाही, असे प्रश्न विचारले जातात. वर्गातही ‘नटसम्राट’ शिकविताना चर्चा याच वळणाने जाते, हा अनेक अध्यापकांचा अनुभव असेल. हे प्रश्न गैरलागू नाहीत. परंतु त्यांमुळे कलाकृतीचे रूपांतर खटल्यात होते आणि वाचक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. मग दोन वृद्ध माणसे दिवस कसा काढतात, कोणी आले की त्यांच्यात काय बदलते, कोणी गेले की घरात काय उरते, या गोष्टी केवळ पुराव्यादाखल पाहिल्या जातात. ‘संध्याछाया’चे मर्म मात्र या ‘किरकोळ’ गोष्टींतच आहे.

प्रस्तुत लेखाची व्याप्ती मर्यादित आहे. वृद्धत्वाविषयीच्या समग्र मराठी साहित्याचा आढावा घेणे हा त्याचा हेतू नाही. ‘संध्याछाया’ हा केंद्रबिंदू मानून इतर कलाकृतींचा उल्लेख आवश्यक तेवढाच केला आहे. उन्हाळा ही येथे प्रामुख्याने वाचनाची चौकट आहे. ‘संध्याछाया’चे कथानक एका ऋतूपुरते आहे, असा दावा त्यामागे नाही.

२. उन्हाळा : भेटीचा ऋतू

मराठी कुटुंबजीवनात उन्हाळ्याला स्वतंत्र सामाजिक अर्थ आहे. महाराष्ट्रातील शाळांची वार्षिक सुट्टी साधारणपणे मे महिना व्यापून जूनच्या मध्यापर्यंत चालते. याच काळात मुली माहेरी येतात, नातवंडे आजोळी राहतात आणि नोकरीनिमित्त दूर गेलेले मुलगे रजा काढून येतात. कुरडया-पापडांची वाळवणे, कैरीचे लोणचे, आंब्याची पेटी, गच्चीवर एका रांगेत टाकलेल्या गाद्या या साऱ्याला पाहुणचाराचा संदर्भ असतो. दोघांच्या घरात दहाजणांचे लोणचे घातले जाते, ते येणाऱ्यांना सोबत देण्यासाठी. म्हणजे निरोपाची तयारी स्वागताच्याही आधी झालेली असते.

या ऋतूच्या केंद्रस्थानी पूर्वापार ‘माहेरपण’ आहे. जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेरची वाट, भावाचे येणे आणि आईच्या घरचा विसावा हे विषय पुनःपुन्हा येतात, याचे कारण लेकीची भेट ही लहरीवर सोडलेली गोष्ट नव्हती. रूढीने तिला ठरावीक वेळ, मुक्काम, पाठवणीचे संकेत आणि परतीची खात्री दिलेली होती. मुलग्याच्या भेटीला अशी स्वतंत्र रूढी नव्हती, कारण तो घरातच राहील असे गृहीत होते. विसाव्या शतकातील नोकरी-स्थलांतराने हे गृहीत मोडले. मुलगाही पाहुणा झाला. पण त्याच्या पाहुणेपणाला संकेतांचे घर मिळाले नाही. तो केव्हा येईल, किती दिवस राहील, त्याला काय द्यायचे, त्याच्यावर रागवायचे की नाही, यांपैकी कशाचीच रीत ठरलेली नाही. मराठीतील निवृत्त दांपत्याच्या नाटकाला या रिकाम्या जागेतून आरंभ होतो.

३. ‘संध्याछाया’ : वाट पाहणारे घर

‘संध्याछाया’तील नाना आणि नानी हे मुंबईत राहणारे निवृत्त दांपत्य आहे. त्यांना दोन मुलगे. थोरला दिनू अमेरिकेत स्थायिक झाला आहे. धाकटा नंदू सैनिकी सेवेत आहे. घरात म्हादू हा नोकर आहे. दिनू परदेशातच विवाह करतो आणि परत येण्याची आशा मावळते. नंदू युद्धात मारला जातो. अखेरीस दोघे वृद्ध स्वतःच आपले जीवन संपवितात. कथानकाची ही रूपरेषा सर्वपरिचित आहे.

या रूपरेषेत एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. नाना-नानींना त्रास देणारा एकही मुलगा नाटकात नाही. त्यांना घराबाहेर काढले जात नाही, अन्नाला महाग केले जात नाही, त्यांच्यावर आळ घेतला जात नाही. एक मुलगा दूर आहे आणि एक मुलगा मरण पावतो. अमेरिकेतील मुलाला स्वार्थी म्हणता येईल. रणांगणावर मेलेल्या मुलाला काय म्हणणार? दळवींनी दोन मुलगे उभे केले आणि दोघांच्या अनुपस्थितीची कारणे नैतिकदृष्ट्या परस्परविरोधी ठेवली. एकाने आपले भले पाहिले, दुसऱ्याने देशासाठी प्राण दिले. पण नाना-नानींच्या घरातील खुर्ची दोघांच्याही बाबतीत सारखीच रिकामी राहते. नाटककाराला मुलांवर आरोप ठेवायचा असता तर नंदूचे पात्र त्याच्या आड आले असते. ते आड येते, याचाच अर्थ नाटकाचा रोख वेगळा आहे.

हा रोख नाना-नानींच्या आतिथ्यात सापडतो. माणसाच्या चाहुलीसाठी आसुसलेली ही दोघे अनोळखी माणसाशीही आपलेपणाने बोलू पाहतात. चुकून लागलेला दूरध्वनीही त्यांना संभाषणाची संधी वाटतो. या प्रसंगांवर प्रेक्षागृहात हशा येतो आणि तो योग्यच आहे. त्या विनोदाच्या तळाशी मात्र एक रचना आहे. ज्या पाहुणचाराला पाहुणा उरलेला नाही, तो पाहुणचार कोणालाही पाहुणा करून घेतो. नानीचा स्वयंपाक आणि नानांचे गप्पा लांबविणे या मुलांसाठी साठविलेल्या गोष्टी आहेत. त्या दुसऱ्यांवर खर्च होतात. एकाकीपणाचे हे चित्रण रडण्यातून न येता अगत्यातून येते, ही दळवींची नाट्यदृष्टी आहे.

दुसरी लक्षणीय बाब म्हणजे या घराला लेक नाही. वर म्हटल्याप्रमाणे रूढीने निश्चित केलेली भेट ही लेकीची असते. दोन्ही अपत्ये मुलगे असल्यामुळे या दांपत्याकडे वाट पाहण्याची क्षमता आहे. परंतु वाट पाहण्याचा मुहूर्त नाही. माहेरपणाच्या घरात मे महिना उजाडतो आणि मावळतो. प्रतीक्षेला कालमर्यादा असते. नाना-नानींची प्रतीक्षा कालमर्यादेवाचून चालते आणि म्हणूनच ती माणसाला पोखरते.

तिसरी बाब दांपत्यभावाची. नाना-नानींची थट्टा, लटकी भांडणे, एकमेकांपासून दुःख लपविण्याची धडपड हे नाटकाचे खरे बळ आहे. मुलांच्या संदर्भात ‘आईवडील’ असलेली ही दोन माणसे मुलांच्या अनुपस्थितीत पुन्हा ‘नवरा-बायको’ होतात. त्यांचा अखेरचा निर्णयही मुलांना शिक्षा म्हणून घेतलेला नाही. दोघांपैकी एक मागे राहील आणि त्याला वाट पाहायलाही सोबत नसेल, ही भीती त्यामागे वाचता येते. मुलांच्या वियोगाने सुरू झालेले नाटक अशा रीतीने जोडीदाराच्या संभाव्य वियोगापाशी येऊन थांबते.

४. दिशा बदललेली भेट

‘संध्याछाया’त आईवडील घरी आहेत आणि मुलांनी यायचे आहे. इतर मराठी कलाकृतींत ही दिशा बदलते. ‘नटसम्राट’मध्ये गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांना देऊन टाकतात आणि कावेरीसह आधी मुलाच्या, नंतर मुलीच्या घरी राहतात. स्वतःचे घर सोडल्यामुळे यजमान कायमचा पाहुणा होतो. नलूच्या घरी राहणे हा त्यातील अधिक बोचरा भाग आहे, कारण लेकीच्या घरी आईवडिलांनी मुक्काम करू नये असा जुना संकेत होता. माहेर लेकीकडे चालत जाते, तेव्हा माहेरपणाची संपूर्ण रचना उलटी होते. नातीशी असलेले आजोबांचे नाते तेवढे निर्हेतुक राहते. परंतु तेही मधल्या पिढीला खुपते. कावेरीच्या मृत्यूनंतर गणपतरावांना मुलाचे घर, मुलीचे घर आणि स्वतःचे घर ही तिन्ही घरे परकी होतात.

‘ऊन पाऊस’मध्ये निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी यांची मुलांमध्ये वाटणी होते. ‘तू तिथं मी’मध्ये मोहन जोशी व सुहास जोशी यांनी साकारलेल्या दांपत्यावरही उतारवयात वेगळे राहण्याची वेळ येते. येथे भेटीची तिसरी दिशा निर्माण होते : पती-पत्नीनेच एकमेकांना भेटायला जायचे. संसाराच्या धकाधकीत जे बोलता आले नाही, ते बोलण्यासाठी या दोघांना चोरून वेळ काढावा लागतो. कौटुंबिक मनोरंजनाच्या चौकटीतील या चित्रपटाने एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. म्हाताऱ्यांची सोय पाहताना कुटुंब त्यांना दोन सुट्या व्यक्ती म्हणून मोजते. दांपत्य हा घटक त्याच्या हिशेबात नसतो. दोघांना जेवण आहे, औषध आहे, खोली आहे. फक्त ती एका छपराखाली नाही.

या तिन्ही दिशा एकत्र ठेवल्या असता ‘संध्याछाया’चे वेगळेपण स्पष्ट होते. ‘नटसम्राट’मध्ये अपमान आहे, ‘ऊन पाऊस’ आणि ‘तू तिथं मी’मध्ये ताटातूट आहे. ‘संध्याछाया’त दोन्ही नाहीत. घर आहे, सोबत आहे, मान आहे. तरीही जगणे अशक्य होते. म्हणून त्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. कारण त्याला दोषी सापडत नाही.

५. ‘टोकियो स्टोरी’ : सहल आणि परतीचा प्रवास

दोषी नसलेल्या दुःखाचे जागतिक चित्रपटातील श्रेष्ठ उदाहरण म्हणून ओझूंच्या ‘टोकियो स्टोरी’चा विचार करता येतो. ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातील शुकिची आणि तोमी हे वृद्ध दांपत्य उन्हाळ्यात टोकियोतील मुलांना भेटायला जाते. थोरला मुलगा डॉक्टर आहे. मुलीचे केशरचनेचे दुकान आहे. दोघेही वाईट नाहीत, कामात आहेत. ठरलेली सहल रुग्ण आल्यामुळे रद्द होते. मग मुले खर्च करून आईवडिलांना आतामी येथील उष्ण झऱ्यांच्या विश्रामस्थळी पाठवितात. तेथे तरुण प्रवाशांच्या गोंगाटाने त्यांना झोप लागत नाही. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको तेवढी रजा काढून त्यांना शहर दाखविते. परतीच्या प्रवासात तोमी आजारी पडते आणि घरी पोहोचल्यावर तिचा मृत्यू होतो. मुले येतात, उत्तरक्रिया आटोपून लगेच निघतात. मुलगी आईच्या वस्तू मागून घेते. नोरिको मागे राहते आणि जाताना सासरा तिला तोमीचे घड्याळ देतो.

या चित्रपटात आणि ‘संध्याछाया’त काही साम्ये लक्ष वेधतात. दोन्हींत युद्धाने हिरावलेला मुलगा आहे. दोन्हींत रक्ताच्या नात्यापेक्षा दुरून आलेले माणूस अधिक जवळचे ठरते. दोन्हींत शेवट वियोगाचा आहे. परंतु भेदाची स्थळे अधिक बोलकी आहेत.

पहिला भेद सहलीचा. ओझूंनी सहलीचा अर्थ उलगडून दाखविला आहे. आतामीची सहल ही भेटीचा विस्तार नसून भेट टाळण्याचा सभ्य मार्ग आहे. पैसे खर्च करून वेळ वाचविला जातो. नोरिकोने घडविलेली शहराची फेरी साधी आहे. परंतु तीत ती स्वतः सोबत असते. ‘सहलीला पाठविणे’ आणि ‘सहलीला नेणे’ या मराठीतील दोन क्रियापदांतच हा फरक सामावलेला आहे. यात्रा कंपनीबरोबर आईवडिलांना चारधाम यात्रेला पाठविणाऱ्या मुलांच्या कर्तव्यभावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ओझूंचा चित्रपट पाहिल्यानंतर ते क्रियापद कानाला खटकू लागते.

दुसरा भेद मृत्यूच्या स्थानाचा. तोमीचा मृत्यू आजाराने, घरी आणि माणसांच्या उपस्थितीत होतो. त्यानंतरही चित्रपट थांबत नाही. शुकिची उरतो, पंख्याने वारा घेतो, शेजारीण खिडकीपाशी थांबून विचारपूस करते. आता एकट्याला दिवस मोठे वाटतील, एवढेच तो सुचवितो. ओझूंनी मागे उरलेल्या जोडीदाराकडे पाहण्याचे धैर्य दाखविले आहे. दळवींनी तो प्रसंगच येऊ दिला नाही. दोघांनाही एकाच वेळी रंगमंचावरून नेल्यामुळे शोकांतिका पूर्ण होते. परंतु उन्हाळा संपल्यावर एकट्याने जगण्याचा, बहुसंख्य वृद्धांच्या वाट्याला येणारा अनुभव नाटकाबाहेर राहतो.

६. शहाड : परत यायचे ते घर

कलाकृतींच्या या विचाराला स्थानिक वास्तवाची कसोटी लावणे उपयुक्त ठरेल. मध्य रेल्वेवर कल्याण जंक्शन सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघाले की पहिले स्थानक शहाड. एका बाजूस कल्याण, दुसऱ्या बाजूस उल्हासनगर, मुरबाडकडे जाणारा रस्ता आणि जवळून वाहणारी उल्हास नदी. १९५० च्या दशकात येथे उभ्या राहिलेल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्याने गावाचे रूप पालटले. पुढील स्थानक आंबिवली. तेथील मोहने परिसरात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन अर्थात एनआरसीचा कारखाना होता. त्याचे उत्पादन २००९ मध्ये बंद पडले. कोकण, घाट, खानदेश आणि परप्रांतांतून आलेली माणसे या कारखान्यांच्या भोवती राहिली, निवृत्त झाली.

या निवृत्तांच्या उन्हाळ्याचे स्वरूप परिचित आहे. पुण्याहून, नाशिकहून, कधी परदेशातून मुले व नातवंडे येतात. सकाळी बिर्ला मंदिरात विठ्ठलाचे दर्शन, एखाद्या दिवशी दोन स्थानके पुढे टिटवाळ्याला महागणपतीचे दर्शन, गाडीची सोय असल्यास मुरबाडमार्गे माळशेज घाटापर्यंत चक्कर, एवढा सहलीचा परीघ असतो. आठ-दहा दिवसांनी कल्याण स्थानकावर निरोप होतो. यात ‘संध्याछाया’तील शोकांतिका कोठेही दिसत नाही. परंतु नाटकाने शिकविलेल्या दृष्टीने पाहिले तर भेटीचे ओझे दिसते. दहा दिवसांत वर्षाचे बोलायचे असते. म्हणून महत्त्वाचे काहीच बोलले जात नाही. आजार लपविला जातो, कारण सुट्टी खराब होऊ नये. रुसवा गिळला जातो, कारण रुसवा काढायला वेळ नाही. रोजच्या सहवासात नाते सैल सोडता येते. भेटीत ते सतत नीटनेटके ठेवावे लागते.

शहाडच्या संदर्भात आणखी एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. औद्योगिक वसाहतीतील घर हे सेवेशी जोडलेले असते. सेवा संपली की घर रिकामे करावे लागते. ज्या घरात मुले वाढली, ज्या दारावर त्यांच्या उंचीच्या खुणा केल्या गेल्या, ते घर निवृत्तीच्या दिवशी संपते. निवृत्त कामगार जवळच्याच इमारतीत सदनिका घेतो किंवा गावी परततो. त्यामुळे सुट्टीत येणारा मुलगा आईवडिलांकडे येतो. ‘घरी’ येत नाही. नाना-नानींची शोकांतिका ही घर असून माणसे नसण्याची आहे. वसाहतीतील निवृत्ताच्या बाबतीत माणसे येतात. पण ज्याला घर म्हणावे ते मागे पडलेले असते. नटसम्राटाने घर स्वेच्छेने दिले. या निवृत्ताचे घर मुळातच उसने होते. मराठी नाटकाने या तिसऱ्या प्रकारच्या बेघरपणाकडे पुरेसे पाहिलेले नाही. शेजारच्या उल्हासनगरची वस्ती तर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची. त्यांच्या पहिल्या पिढीचे आजोळ सीमेपलीकडे राहिले. तेथे सुट्टीत जाणे शक्यच नव्हते. भेटीचा विचार करताना हा शेजारही स्मरणात ठेवावा लागतो.

२०२० च्या उन्हाळ्याने या साऱ्या रचनेची एक कठोर परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वे बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती सुरू झाली. त्या मे महिन्यात भेटी झाल्या नाहीत. अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही घेता आले नाही. तेव्हा दूरदृश्य संभाषणाने मोठा आधार दिला, हे नाकारता येणार नाही. ‘संध्याछाया’च्या काळात पत्र आणि क्वचित दूरध्वनी होता; आज अमेरिकेतील नातवंड रोज पडद्यावर दिसते. तथापि नानीने साठविलेला पाहुणचार पडद्यापलीकडे पोहोचत नाही. दिसणे वाढले; वाढलेले ताट तसेच राहिले. या अर्थाने नाटकातील प्रश्न तंत्रज्ञानाने सोडविलेला नाही, त्याचे रूप बदलले आहे.

७. ‘संध्याछाया’चे सामर्थ्य आणि मर्यादा

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ८.६ टक्के होती. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ मध्ये केंद्रीय अधिनियम संमत झाला. मुलांकडून निर्वाहखर्च मिळविण्याचा मार्ग त्याने उपलब्ध करून दिला. ‘नटसम्राट’ आणि ‘ऊन पाऊस’मधील अन्यायाला हा कायदा काही प्रमाणात उत्तर देऊ शकतो. ‘संध्याछाया’तील दांपत्याला तो काहीही देऊ शकत नाही. निर्वाहखर्चाचा आदेश काढता येतो. भेटीचा आदेश काढून भेट घडत नाही. कायद्याच्या हाताबाहेर उरलेल्या दुःखाला नाटकाने १९७३ मध्येच रूप दिले, हे त्याचे टिकाऊ सामर्थ्य होय.

त्याच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. पहिली मर्यादा म्हणजे नाना-नानींचे जग अतिशय बंद आहे. प्रतीक्षेची तीव्रता वाढविण्यासाठी नाटककाराने शेजार, नातेवाईक, मंदिर, वाचनालय, मित्रमंडळ यांना जवळजवळ वगळले आहे. कल्याणसारख्या शहरात, जेथे सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८६४ पासूनची आहे, वृद्धांचा दिवस केवळ मुलांच्या वाटेवर डोळे लावून जात नाही. वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती, कट्ट्यावर, भजनी मंडळात तो विभागला जातो. नाट्यदृष्ट्या हे वगळणे समर्थनीय आहे. पण त्यामुळे नाटकाचा शेवट परिस्थितीतून जितका येतो तितकाच रचनेतून येतो.

दुसरी मर्यादा म्हादूच्या पात्राविषयीची आहे. दांपत्याचा रोजचा सहवास ज्याच्याशी आहे, तो माणूस कुटुंबाच्या हिशेबात मोजला जात नाही. दोघांना एकटे म्हणताना म्हादू घरात असतो. ओझूंनी नोरिकोला घड्याळ देऊन रक्ताबाहेरच्या सोबतीला मान्यता दिली. ‘संध्याछाया’त अशी मान्यता नाना-नानींच्या जगण्याची दिशा बदलू शकत नाही. म्हादूही उद्या म्हातारा होणार आहे. त्याची वाट कोण पाहणार, हा प्रश्न मध्यमवर्गीय नाटकाच्या कक्षेत येत नाही.

तिसरी मर्यादा शेवटाची. दोघांच्या आत्मनाशाने प्रेक्षक हेलावतो. परंतु प्रेक्षागृहातील अनेक वृद्ध प्रेक्षकांना दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचे असते. त्यांच्यातील कित्येकांचा जोडीदार गेलेला असतो. त्यांच्या जगण्याला हे नाटक करुणा देते, आधार देत नाही. आधार देणे हे नाटकाचे काम आहे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, मागे उरलेल्या एकाचे आयुष्य हा कलेला न पेलणारा विषय नव्हे. ‘टोकियो स्टोरी’च्या अखेरच्या दृश्याने ते सिद्ध केले आहे. मृत्यूनंतरच्या लांबलेल्या दुपारीत किती नाट्य असते, याचा शोध मराठी रंगभूमीने अधिक घेणे आवश्यक आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) ‘संध्याछाया’तील दोन मुलग्यांच्या अनुपस्थितीची कारणे परस्परविरोधी असल्यामुळे ते कृतघ्नतेचे नाटक ठरत नाही. सहवासाचे भेटीत झालेले रूपांतर हा त्याचा विषय आहे.

२) मराठी कुटुंबात लेकीच्या भेटीला माहेरपणाची रीत होती, नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलग्याच्या भेटीला अशी रीत निर्माण झाली नाही. नाना-नानींच्या अमर्याद प्रतीक्षेचे मूळ या पोकळीत आहे.

३) ‘नटसम्राट’, ‘ऊन पाऊस’ आणि ‘तू तिथं मी’ या कलाकृतींत भेटीची दिशा बदलते. त्यांतील अन्यायाला दोषी आहे किंवा व्यवहारी कारण तरी आहे. ‘संध्याछाया’तील दुःखाला ते नाही.

४) ‘टोकियो स्टोरी’च्या तुलनेत ‘संध्याछाया’ने आतिथ्याचे चित्रण अधिक हृद्य केले आहे, मागे उरलेल्या जोडीदाराचा अनुभव मात्र त्याने टाळला आहे.

५) शहाडसारख्या औद्योगिक उपनगरात निवृत्तीबरोबर घरही जाते. मुले येतात, पण परतण्याचे ठिकाण उरत नाही. या अनुभवाला मराठी नाटकात पुरेसे स्थान मिळालेले नाही.

उन्हाळ्यातील भेट वृद्धांच्या वाट्याला आलेली शिल्लक आहे, असे मानून आपण तिचे कौतुक करतो. ‘संध्याछाया’ त्या शिल्लकेचा हिशेब मांडते. त्या हिशेबात मुलांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आपल्या कुटुंबांनी भेटीची नवी रीत का घडविली नाही, हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि नाटकाच्या अध्यापनात तोच विद्यार्थ्यांपुढे ठेवला जावा. कारण वर्गात बसलेला विद्यार्थी आज ज्या घरातून येतो, त्याच घरी उद्या तो सुट्टीत येणार आहे.